नामदार श्रीनिवास शास्त्री : कुंभकोणमचा शिक्षक, परदेशी मळ्यांवरील मजुरांचा प्रतिनिधी

२२ सप्टेंबर हा नामदार व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्मदिन. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिष्य, पुण्याच्या भारत सेवक समाजाचे दुसरे अध्यक्ष आणि इंग्रजी वक्तृत्वासाठी साम्राज्यभर नावाजलेले मुत्सद्दी म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग मात्र आज काहीसा विस्मरणात गेला आहे. नाताळमधील उसाच्या आणि मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय मजुरांच्या प्रश्नाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध आला. या प्रश्नात त्यांना काही ठिकाणी यश मिळाले, काही ठिकाणी त्यांचे निर्णय वादग्रस्त ठरले. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या जीवनाचे चित्र पूर्ण होत नाही.

कावेरीच्या काठी

तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील प्राचीन तीर्थक्षेत्र. दर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव, असंख्य मंदिरे, पितळेची भांडी आणि विड्याची पाने यांसाठी हे नगर प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला हे गाव परके नाही. व्यंकोजीराजांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचा हा प्रदेश होता. बडोदा संस्थानचे सुविख्यात दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही याच कुंभकोणमचा.

या नगराजवळील वलंगैमान या खेड्यात २२ सप्टेंबर १८६९ रोजी श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. महात्मा गांधींपेक्षा ते अवघ्या दहा दिवसांनी मोठे. वडील पौरोहित्य करीत. घरात विद्येची परंपरा होती, पण धन नव्हते. कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि तेथीलच सरकारी महाविद्यालयातून त्यांनी इंग्रजी व संस्कृत या विषयांत विशेष प्रावीण्य मिळवून पदवी घेतली. दक्षिणेचे केंब्रिज अशी त्या काळी या महाविद्यालयाची ख्याती होती.

शास्त्री ज्या परिसरात वाढले त्याचे दुसरे रूपही ध्यानात घ्यावयास हवे. कावेरीचे खोरे भातशेतीने समृद्ध होते, पण जमीन मोजक्या मिरासदारांच्या हाती होती. शेतात प्रत्यक्ष राबणारा वर्ग बहुतांशी भूमिहीन आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा होता. कर्ज, दुष्काळ आणि जातीचा जाच यांमुळे या वर्गातील हजारो माणसे नागपट्टणम् व मद्रास या बंदरांतून सिलोन, मलाया, नाताळ, मॉरिशस या देशांकडे निघून जात. शास्त्री विद्यार्थी होते त्या काळात हे स्थलांतर जोरात चालू होते. ज्या खोऱ्यातून शास्त्री शिकून वर आले, त्याच खोऱ्यातून हे मजूर बोटीवर चढत होते. पुढे परदेशात या दोन वर्गांची गाठ पडणार होती.

शिक्षक ते समाजसेवक

पदवी मिळाल्यावर शास्त्री यांनी शिक्षकी पेशा पत्करला. मायावरम, सेलम आणि मद्रास येथे त्यांनी अध्यापन केले. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी नाव कमावले. शिक्षकांची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिप्लिकेन येथील ग्राहक सहकारी संस्थेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. भारतातील ग्राहक सहकाराच्या आरंभीच्या प्रयत्नांत या संस्थेची गणना होते.

१९०५ मध्ये नामदार गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. अल्प मानधनावर आजन्म देशसेवा करण्याची प्रतिज्ञा घेणारे कार्यकर्ते घडविणे हा या संस्थेचा हेतू होता. तिच्या नियमांनी शास्त्री भारावून गेले. मुख्याध्यापकाची स्थिर नोकरी सोडून १९०७ मध्ये ते संस्थेत दाखल झाले. तेव्हापासून पुणे हे त्यांचे दुसरे घर बनले. गोपाळ कृष्ण देवधर आणि पुढे कामगार चळवळीचे नेते म्हणून प्रसिद्धीस आलेले ना. म. जोशी हे त्यांचे सहकारी होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले. संस्थेच्या अध्यक्षपदाची धुरा शास्त्री यांच्याकडे आली आणि १९२७ पर्यंत त्यांनी ती वाहिली. १९१८ मध्ये संस्थेने ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. त्याचे पहिले संपादकही शास्त्रीच होते.

गिरमिटाचा वारसा

गोखले यांच्याकडून शास्त्री यांना संस्थेबरोबर एक अपुरे काम वारशाने मिळाले. ते काम परदेशी गेलेल्या मजुरांचे होते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यानंतर वसाहतींतील मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत रूढ झाली. इंग्रजी करारासाठी असलेल्या शब्दाचा मजुरांच्या तोंडी गिरमिट असा अपभ्रंश झाला आणि ही माणसे गिरमिटिया म्हणून ओळखली जाऊ लागली. सुमारे तेरा लाख भारतीय या पद्धतीने मॉरिशस, वेस्ट इंडीज, फिजी, नाताळ आदी वसाहतींत गेले. कोकणातूनही अनेक कुटुंबे मॉरिशसला गेली. तेथील मराठी भाषक समाज हा त्यांचाच वंशज आहे.

नाताळमध्ये पहिली बोट १६ नोव्हेंबर १८६० रोजी पोहोचली. ट्रुरो नावाची ही बोट मद्रासहून निघाली होती. १९११ पर्यंत सुमारे १ लाख ५२ हजार मजूर नाताळमध्ये उतरले. करार पाच वर्षांचा असे. पहिल्या वर्षी दरमहा १० शिलिंग मजुरी आणि पुढे दरवर्षी त्यात एका शिलिंगाची वाढ, असा दर ठरलेला होता. मालक बदलण्याची मुभा नव्हती. परवान्याशिवाय मळा सोडणे हा फौजदारी गुन्हा होता.

मजूर हवेत, पण त्यांनी कायमचे रहिवासी होऊ नये, असे मळेवाल्यांचे आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचे धोरण होते. त्यासाठी १८९५ च्या कायद्याने करार संपल्यावर मायदेशी न परतणाऱ्या किंवा नवा करार न करणाऱ्या मजुरावर वार्षिक तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. पहिल्या वर्षाची मजुरी वर्षाकाठी जेमतेम सहा पौंड भरत असे. यावरून या कराचे ओझे कळून येते. पुढे हा कर स्त्रियांना, तसेच १६ वर्षांवरील मुलांना आणि १३ वर्षांवरील मुलींनाही लागू झाला.

गोखले यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला. तो मान्य होऊन १९११ मध्ये ही भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. तो मात्र सरकारी मतांच्या बळावर फेटाळण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. १९१३ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली नाताळच्या खाणीतील व मळ्यांवरील मजुरांनी मोठा संप केला आणि १९१४ मध्ये तीन पौंडांचा कर रद्द झाला. भारतातून गिरमिटावर मजूर पाठविणे १९१७ मध्ये थांबले. फिजीतील उरलेल्या मजुरांचे करार १ जानेवारी १९२० रोजी संपुष्टात आले.

पद्धत संपली, परंतु माणसे तेथेच होती. त्यांची पुढची पिढी त्या भूमीत जन्मली होती. त्यांना नागरिक मानावयाचे की काम संपलेले पाहुणे, हा प्रश्न शिल्लक राहिला. शास्त्री यांच्या वाट्याला आला तो हा प्रश्न.

साम्राज्याच्या दरबारात

१९१६ मध्ये शास्त्री मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य झाले. १९१९ मध्ये रौलट विधेयकांविरुद्ध त्यांनी केलेले भाषण अत्यंत गाजले. मात्र असहकाराचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. काँग्रेसपासून दूर होऊन ते उदारमतवादी पक्षात राहिले. १९२२ मध्ये या पक्षाच्या नागपूर येथील अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. सनदशीर मार्गाने, युक्तिवादाने आणि सभ्य वाणीने न्याय मिळविता येतो, अशी त्यांची निष्ठा होती.

१९२१ मध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. वसाहतींत कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य करावेत, असा ठराव त्यांच्या प्रयत्नाने संमत झाला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांनी मात्र तो स्वीकारण्यास नकार दिला. त्याच वर्षी शास्त्री प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य झाले. राष्ट्रसंघाच्या अधिवेशनात आणि वॉशिंग्टन येथील नौदल परिषदेतही त्यांनी भाग घेतला. १९२२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांचा दौरा करून तेथील भारतीयांच्या हक्कांची बाजू मांडली.

पुढच्याच वर्षी केनियाच्या प्रश्नाने त्यांच्या निष्ठेला जबर धक्का बसला. केनियातील उंचावरील सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव ठेवण्याचे आणि भारतीयांसाठी स्वतंत्र मतदारसंघ ठेवण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने १९२३ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केले. समतेच्या आश्वासनावर विसंबून लंडनला गेलेले शास्त्री निराश होऊन परतले. एरवी संयमी असणाऱ्या त्यांच्या वाणीला या काळात धार चढली.

केप टाऊनचा करार

१९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने भारतीयांना ठरावीक वस्त्यांत कोंडणारे विधेयक आणले. डॉ. मलान हे त्या वेळी संबंधित खात्याचे मंत्री होते. भारतात त्याविरुद्ध क्षोभ उसळला. अखेर दोन्ही सरकारांनी परिषद घेण्याचे ठरविले. डिसेंबर १९२६ ते जानेवारी १९२७ या काळात केप टाऊन येथे ही परिषद झाली. सर मुहम्मद हबीबुल्ला यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात शास्त्री होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये करार जाहीर झाला.

या करारास दोन बाजू होत्या. वस्तीबंदीचे विधेयक मागे घेण्यात आले, आणि जे भारतीय कायमचे राहतील त्यांना शिक्षण व अन्य बाबतींत मागे ठेवले जाणार नाही, असे दक्षिण आफ्रिकेने मान्य केले. त्याच्या मोबदल्यात भारताने स्वेच्छेने परत येणाऱ्यांच्या योजनेला सहकार्य देण्याचे कबूल केले. परत जाणाऱ्या प्रौढास २० पौंड आणि मुलास १० पौंड अनुदान, शिवाय प्रवासखर्च मिळे. तीन वर्षांत परत न आल्यास दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्याचा हक्क मात्र संपुष्टात येई.

कराराची अंमलबजावणी पाहण्यासाठी भारत सरकारचा एजंट दक्षिण आफ्रिकेत नेमण्याचे ठरले. हे पद शास्त्री यांनीच स्वीकारावे, असा आग्रह महात्मा गांधींनी धरला. राजकारणात दोघांचे मार्ग भिन्न होते, तरी परस्परांविषयीचा आदर अखेरपर्यंत टिकला. गांधीजींच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी अनुवादाची भाषा शास्त्री यांनीच तपासली होती. प्रकृती नाजूक असूनही त्यांनी हे पद स्वीकारले आणि जून १९२७ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले.

दरबानचे दिवस

एजंटाच्या हाती कोणतीही कायदेशीर सत्ता नव्हती. त्याला सरकारी अधिकाऱ्यांना भेटता येत होते, पत्रव्यवहार करता येत होता आणि बोलता येत होते. शास्त्री यांनी या शेवटच्या साधनाचा पुरेपूर उपयोग केला. गावोगावच्या सभागृहांत गोरा श्रोतृवर्ग त्यांचे भाषण ऐकण्यास गर्दी करू लागला. भारतीय माणूस म्हणजे उसाच्या मळ्यावरचा कुली, एवढीच ज्यांची कल्पना होती, त्यांच्यासमोर एक भारतीय विद्वान त्यांच्याच भाषेत भारतीय तत्त्वज्ञान आणि संस्कृती उलगडून सांगत होता.

याचा परिणाम झाला. परंतु त्यातील विसंगती लपणारी नव्हती. कुंभकोणमच्या संस्कृत पंडिताला जो मान मिळत होता, तो मळ्यावर राबणाऱ्या त्याच्याच प्रांतातील मजुराला मिळत नव्हता. प्रतिनिधीचा सन्मान वाढल्याने मजुरांचे हक्क आपोआप वाढत नाहीत, याची जाणीव तेथील काही भारतीय कार्यकर्ते करून देत होते.

शास्त्री यांनी आपले सर्व बळ शिक्षणाकडे वळविले. नाताळमध्ये भारतीय मुलांच्या शिक्षणाची स्थिती शोचनीय होती. त्यांच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये प्रांतिक सरकारने चौकशी समिती नेमली. तिला साहाय्य करण्यासाठी भारतातून शिक्षणतज्ज्ञ बोलाविण्यात आले. दरबान येथे भारतीयांसाठी माध्यमिक शाळा आणि शिक्षक प्रशिक्षण यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी भारतीय व्यापाऱ्यांकडे झोळी पसरली. या निधीतून उभारलेली संस्था ऑक्टोबर १९२९ मध्ये सुरू झाली. तिला शास्त्री कॉलेज असे नाव देण्यात आले. गिरमिटिया कुटुंबांतील मुले येथे शिकून शिक्षक, वकील, डॉक्टर झाली. ज्यांच्या आजोबांना मळा सोडण्यासाठी परवाना लागत असे, त्यांच्या नातवंडांसाठी हे एक दार उघडले गेले.

जानेवारी १९२९ मध्ये शास्त्री यांनी दक्षिण आफ्रिकेचा निरोप घेतला. सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला.

परतलेल्यांचे हाल

केप टाऊन कराराची दुसरी बाजू मात्र दुःखद ठरली. अनुदान घेऊन भारतात परतलेल्या अनेकांना येथे आधार मिळाला नाही. पुष्कळांचा जन्मच नाताळमध्ये झालेला होता. गावाशी नाते तुटलेले, जातीत पुन्हा प्रवेश नाही, हवामान सोसत नाही आणि हातची रक्कम लवकरच संपलेली, अशी त्यांची अवस्था झाली. मद्रासला उतरलेल्यांपैकी कित्येकांना तेथेच उपजीविका शोधत भटकावे लागले.

भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी परतलेल्यांच्या स्थितीची पाहणी करून १९३१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. परत पाठविण्याच्या योजनेवर त्यांनी कठोर टीका केली. या योजनेला शास्त्री यांची संमती होती. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्यांचे हक्क सुरक्षित करण्यासाठी ही किंमत मोजणे अपरिहार्य आहे, अशी त्यांची धारणा होती. किंमत मात्र अशा लोकांनी मोजली, ज्यांना वाटाघाटीच्या मेजावर जागा नव्हती.

मलायाचा अहवाल

दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर शास्त्री यांनी भारतीय कामगारविषयक रॉयल कमिशनचे सदस्य म्हणून काम केले. ना. म. जोशी हेही त्या कमिशनवर होते. पुढे गोलमेज परिषदांत त्यांनी भाग घेतला. १९३१ च्या गांधी-आयर्विन वाटाघाटींच्या वेळी सर तेजबहादुर सप्रू आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यासमवेत त्यांनी मध्यस्थाची भूमिका बजावली. १९३५ मध्ये ते चिदंबरम् येथील अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९३६ च्या अखेरीस भारत सरकारने त्यांच्यावर मलायातील भारतीय मजुरांच्या स्थितीची पाहणी करण्याची कामगिरी सोपविली. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. १९२२ च्या परदेशगमन कायद्यानुसार अकुशल मजूर केवळ सिलोन आणि मलाया येथेच पाठविता येत होते. मलायात गिरमिट पद्धत १९१० मध्येच बंद झाली होती. तिची जागा कंगाणी पद्धतीने घेतली होती. कंगाणी म्हणजे मळ्यावरील मुकादम. तो आपल्या गावी जाऊन नातलग व गावकरी यांना गोळा करून आणी. कामावर हजर असलेल्या प्रत्येक मजुरामागे त्याला मालकाकडून ठरावीक रक्कम मिळे. त्यामुळे कागदावर करार नसला, तरी मजूर कर्जाने आणि नात्याने कंगाणीशी बांधलेला राही.

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले. मजुरीत मोठी कपात झाली आणि लाखाहून अधिक मजुरांना भारतात परत पाठविण्यात आले. भाव सुधारल्यावर मळेवाल्यांना पुन्हा मजूर हवे होते. जुना दर मात्र पूर्ववत झाला नव्हता.

शास्त्री यांचा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांना दररोज ५० सेंट आणि स्त्रियांना ४० सेंट हा १९२८ चा दर ताबडतोब पुन्हा लागू करावा, अशी शिफारस त्यांनी केली. कंगाणीमार्फत होणारी भरती बंद करावी, असेही त्यांनी सुचविले. मात्र मजुरांनी मलायात जाण्यावर बंदी घालण्याचे कारण त्यांना दिसले नाही. एकंदर स्थितीविषयी त्यांचा सूर अनुकूल होता.

या सुरावर मलायातील भारतीय संघटनांनी आणि भारतातील वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली. शास्त्री यांनी मळेवाल्यांचा पाहुणचार घेतला, मजुरांशी पुरेसा संवाद साधला नाही, असा आक्षेप घेण्यात आला. शास्त्री यांच्या बाजूनेही एक मुद्दा होता. कावेरी खोऱ्यातील शेतमजुराची मजुरी आणि सामाजिक स्थिती त्यांना ठाऊक होती. त्या तुलनेत मलायातील मजूर त्यांना बऱ्या अवस्थेत दिसला असणे शक्य आहे. परंतु मायदेशातील दैन्य हे परदेशातील अन्यायाचे समर्थन होऊ शकत नाही, हा टीकाकारांचा प्रतिवाद होता आणि तो खोडून काढणे कठीण होते.

घटनाक्रमाने टीकाकारांची बाजू बळकट केली. १९३८ मध्ये रबराचे भाव घसरताच मळेवाल्यांनी पुन्हा मजुरी कमी केली. त्यावर भारत सरकारने जून १९३८ मध्ये मलायास साहाय्याने पाठविल्या जाणाऱ्या मजुरांवर बंदी घातली. १९४१ मध्ये क्लांग जिल्ह्यातील रबराच्या मळ्यांवर भारतीय मजुरांनी मोठे संप केले. ते मोडून काढण्यासाठी लष्कर बोलाविण्यात आले.

दुसऱ्या खंडातील तोच प्रश्न

भारताने मजूर पाठविणे थांबविल्यानंतर चारच वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अशाच स्वरूपाची एक योजना आकारास आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतीला मजुरांची टंचाई भासू लागली. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात करार होऊन मेक्सिकन शेतमजुरांना अल्प मुदतीच्या करारावर अमेरिकेत नेण्यास सुरुवात झाली. ब्रासेरो म्हणजे हाताने काम करणारे, या नावाने हे मजूर ओळखले गेले. १९६४ पर्यंत चाललेल्या या योजनेत सुमारे ४६ लाख करार झाले.

तेथेही कागदावर किमान मजुरी, निवास आणि परतीचा प्रवास यांची हमी होती. प्रत्यक्षात गैरसोयीच्या छावण्या, मनमानी कपात आणि मालक बदलण्यास मज्जाव यांच्या तक्रारी होत राहिल्या. आरंभीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापून घेतली गेली. ती अनेकांच्या हाती कधीच पडली नाही आणि त्यासाठीचा लढा एकविसाव्या शतकापर्यंत चालला. टेक्सास राज्यातील भेदभावामुळे मेक्सिकोने सुरुवातीची काही वर्षे तेथे मजूर पाठविण्यास नकार दिला. भारताने मलायाबाबत उचललेले पाऊल याच जातीचे होते. दोन्ही देशांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. मजूर पाठविणाऱ्या सरकारच्या हाती खरे शस्त्र असते ते मजूर न पाठविण्याचे. मात्र ते उगारले की पोटासाठी निघालेल्या गरिबाचीच वाट बंद होते.

बंदी घालावी की अटी मान्य करून घ्याव्यात, हा पेच शास्त्री यांच्यापुढे आयुष्यभर उभा होता. त्यांनी बहुधा दुसरा मार्ग निवडला.

अखेरची वर्षे

१९४० मध्ये शास्त्री कुलगुरुपदावरून निवृत्त झाले. गोखले यांच्या जीवनावर त्यांनी दिलेली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. १९४४ मध्ये मद्रास येथे त्यांनी वाल्मीकी रामायणावर दिलेली व्याख्यानमालाही विशेष लोकप्रिय ठरली. वलंगैमानच्या पुरोहित घरात लहानपणी ऐकलेल्या ग्रंथाकडे ते आयुष्याच्या संध्याकाळी परतले होते.

१९४६ च्या आरंभी ते रुग्णालयात असताना महात्मा गांधींनी त्यांची भेट घेतली. १७ एप्रिल १९४६ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. देशाचे स्वातंत्र्य तेव्हा सव्वा वर्षावर येऊन ठेपले होते.

त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत डॉ. मलान यांचा पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे त्या राष्ट्राचे अधिकृत धोरण बनले. केप टाऊनच्या करारातून शास्त्री यांनी ज्यांच्याशी समझोता घडवून आणला होता, त्यांनीच तो निरर्थक ठरविला. मलायातील मळ्यांवरचे तामिळ मजूर युद्धकाळात जपानी अंमलाखाली आणखी भीषण संकटात सापडले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलेल्या हजारो मजुरांचा तेथे अंत झाला.

या पार्श्वभूमीवर शास्त्री यांच्या मवाळ मार्गाचे मूल्यमापन इतिहासकारांनी अनेकदा कठोरपणे केले आहे. त्यांचा साम्राज्याच्या न्यायबुद्धीवरील विश्वास प्रमाणाबाहेर होता, हे मान्य करावे लागते. तरीही गोखले यांनी कायदेमंडळात उपस्थित केलेला प्रश्न त्यांनी पुण्याच्या संस्थेपुरता मर्यादित ठेवला नाही. लंडन, जिनिव्हा, नैरोबी, दरबान आणि क्वालालंपूरपर्यंत त्यांनी तो नेला. परदेशात राबणाऱ्या मजुराची जबाबदारी त्याच्या मायदेशाच्या सरकारवर असते आणि तेथे त्याचे म्हणणे मांडणारा प्रतिनिधी असावयास हवा, ही कल्पना रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. स्वतंत्र भारताने १९८३ मध्ये परदेशगमनाचा नवा कायदा केला, तेव्हा मजुरांच्या संरक्षणाची ही जबाबदारी त्यात कायम राहिली.

कावेरीच्या खोऱ्यातून आजही असंख्य तरुण कामासाठी आखाती देश, सिंगापूर आणि मलेशियाकडे जातात. आता बोटीऐवजी विमान आहे आणि कंगाणीऐवजी भरती करणारा दलाल. करारात लिहिलेली मजुरी प्रत्यक्षात मिळेल का, पारपत्र मालकाच्या ताब्यात जाणार नाही ना आणि अडचणीत दाद कोणाकडे मागावयाची, हे त्यांच्या घरच्यांचे प्रश्न शास्त्री यांच्या काळातील मजुरांच्या कुटुंबांनाही पडत असत.